सुताला रंग कां लागत नाहीं?

गेल्या वर्षीं प्रदर्शनासाठीं आठवीच्या मुलींनीं हळदीच्या पाण्यांत रुमाल रंगविले. कल्पना माझीच. एका मुलीनें उत्साहाच्या भरांत आपली पांढरी ओढणीही त्यांत बुडविली. पहिल्याच धुण्याला साबण लागतांच तिच्यावर तांबडे डाग उठले, आणि चार दिवस उन्हांत वाळून पिवळेपणाही गेला. घरीं तिला बोलणीं खावीं लागलीं, कारण ओढणी एकच होती. "बाई, रंग टिकला कां नाहीं?" ह्या तिच्या प्रश्नाचें पुरें उत्तर त्या दिवशीं मजजवळ नव्हतें. तें येथें देत आहें.

रेशीम व लोंकर हीं प्राण्यांपासून मिळतात. त्यांच्या तंतूंत प्रथिनें असल्यामुळें पुष्कळ वनस्पतिज रंग त्यांवर सहज बसतात. कापूस, ताग, अंबाडी यांचे तंतू सेल्युलोजचे; त्यांना ह्या रंगांची ओढ फार थोडी. हळद आपण होऊन सुताला लागते, पण ती उन्हांत विटते व साबणांतील क्षारानें तांबडी होते. निळीची तऱ्हा अगदींच निराळी. तिच्याविषयीं पुन्हां केव्हां तरी. मंजिष्ठेसारख्या रंगांना सुताशीं जोडून देणारा मध्यस्थ लागतो. तो म्हणजे तुरटी. परंतु तुरटीही एकटी सुताला नीट धरीत नाहीं, म्हणून तिच्या आधीं हिरडा. हिरड्यांतील टॅनिन नांवाचें तुरट द्रव्य धाग्याला चिकटतें, तुरटींतील ॲल्युमिनियम त्या द्रव्याला, आणि रंग ॲल्युमिनियमला. मधली एक कडी गळली कीं रंग पाण्याबरोबर गेलाच.

आपल्या देशांतील रंगाऱ्यांना ही विद्या फार पूर्वींपासून अवगत होती. १७४२ सालीं कोरोमंडल किनाऱ्यावरील फादर कर्दू ह्या फ्रेंच जेझुइट मिशनऱ्यानें ती पत्रांत सविस्तर लिहून युरोपांत कळविली. हिरड्याबरोबर म्हशीचें दूध वापरीत, असें त्यांत आहे. दुधांतील स्निग्धांशामुळें कलमानें काढलेली रेघ कापडावर पसरत नाहीं. ही माहिती त्याला नवख्रिस्ती रंगाऱ्यांनीं विश्वासानें सांगितली होती. पत्र छापलें गेलें. सांगणाऱ्यांच्या पदरांत काय पडलें असेल, हा विचार मला अस्वस्थ करितो.

आतां प्रयोग. मांजरपाटाचे तीन तुकडे घेऊन धुण्याच्या सोड्यांत तासभर उकळावे व स्वच्छ धुवावे. खळ राहिली तर पुढचे सर्व श्रम फुकट. आमचा पहिला प्रयत्न येथेंच फसला. एक तुकडा तसाच ठेवावा. दुसरा नुसत्या हिरड्याच्या पाण्यांत भिजवून वाळवावा. तिसरा हिरड्यांत भिजवून वाळवावा व मग तुरटीच्या पाण्यांत कांहीं तास ठेवून पुन्हां वाळवावा. १०० ग्रॅम कापडास सुमारें २० ग्रॅम हिरड्याचें चूर्ण व १५ ते २० ग्रॅम तुरटी पुरते. मंजिष्ठेची पूड कापडाच्या वजनाइतकी घेऊन रात्रभर भिजत घालावी, आणि सकाळीं तिन्ही तुकडे त्यांत मंद आंचेवर तासभर ढवळीत राहावें.

भांडें स्टीलचें असावें, व तें पुन्हां स्वयंपाकाला घेऊं नये, एवढी पालकांस विनंती. लोखंडाची कढई तर नकोच. हिरडा व लोह यांच्या संयोगानें काळा रंग होतो. पूर्वीं हिरडा व हिराकस यांची शाई करीत ती ह्याच गुणामुळें. एका मुलानें घरून कढई आणली, आणि त्याचा तुकडा राखी रंगाचा झाला. त्याला त्याचें दुःख मुळींच नव्हतें!

दोनदां साबणानें धुतल्यावर पहिला तुकडा जवळजवळ पांढरा झाला, दुसरा मळकट तपकिरी राहिला, आणि तिसऱ्यावर विटकरी तांबडा रंग तसाच होता. तो पाहून त्या मुलीच्या आईनें ओढणी आपण होऊन पाठविली. आम्हीं ती ह्याच रीतीनें रंगविली. वाळवितांना एका टोंकाला गांठ राहून गेली होती. तेवढी जागा फिकी आहे. बाकी ओढणी अजून ती वापरते.