कोंबडीचे मांस, बाजार आणि औषधास न जुमानणारे जंतू

कुक्कुटपालन हा आज महाराष्ट्रातील अनेक शेतकरी कुटुंबांचा महत्त्वाचा जोडधंदा आहे. पक्ष्यांची संख्या वाढली, तसा औषधांचा वापरही वाढला. रोगी पक्ष्यास औषध देणे योग्यच होय. परंतु निरोगी पक्ष्यांच्या खाद्यात किंवा पाण्यात तेच औषध नित्य मिसळले, तर त्यापासून एक निराळेच संकट उद्भवते. औषधास न जुमानणारे जंतू कोंबडीच्या आतड्यात वाढतात, मांसाबरोबर बाजारात जातात आणि तेथून घरोघरी पोहोचतात. ह्या संकटाचे स्वरूप काय व ते टाळण्यासाठी पालकाने काय करावे, ह्याची माहिती पुढे दिली आहे.

प्रतिजैविक औषधे

जंतूंचा नाश करणाऱ्या किंवा त्यांची वाढ थोपविणाऱ्या ज्या औषधांना सामान्यतः अँटिबायोटिक म्हणतात, त्यांनाच प्रतिजैविके असे नाव आहे. 1928 साली अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांनी पेनिसिलिनचा शोध लावला. पुण्याजवळ पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात 1955 साली त्याचे उत्पादन सुरू झाले. ज्या रोगांपुढे पूर्वी वैद्य हतबल होत, ते ह्या औषधांमुळे बरे होऊ लागले. मात्र अपुऱ्या मात्रेत औषध दिल्यास जंतू त्यास दाद देईनासे होतील, असा इशारा फ्लेमिंग ह्यांनी 1945 सालीच दिला होता.

जंतू औषधास का जुमानत नाहीत?

कोंबडीच्या आतड्यात कोट्यवधी जंतू असतात. त्यांतील बहुतेक औषधाने मरतात. पण एखाद-दुसरा जंतू निसर्गतःच चिवट निघतो. लव्हाळ्याच्या शेतात वरवर निंदणी केली म्हणजे काय होते, हे शेतकऱ्यांस ठाऊक आहे. इतर तण निघून जाते, लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत राहतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत लव्हाळाच फोफावतो. आतड्यातही तसेच घडते. थोड्या मात्रेत रोज दिलेले औषध दुबळ्या जंतूंस मारते आणि चिवट जंतूंस रान मोकळे करून देते.

ह्याहून गंभीर गोष्ट अशी की, चिवटपणाचा हा गुण पुष्कळदा एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. शेजाऱ्याने शेजाऱ्यास बियाण्याची मूठ द्यावी, त्याप्रमाणे एक जंतू दुसऱ्यास हा गुण देतो. म्हणून कोंबडीच्या अंगी कोणताही रोग न करणारा जंतूदेखील हा गुण माणसास रोग करणाऱ्या जंतूस देऊ शकतो.

कोलिस्टिनचे उदाहरण

कोलिस्टिन हे जुने औषध आहे. त्यापासून मूत्रपिंडास अपाय होतो, म्हणून माणसांसाठी त्याचा वापर पुढे फार कमी झाला. परंतु इतर औषधे निकामी ठरू लागली, तेव्हा अत्यवस्थ रोग्यांसाठी डॉक्टरांना पुन्हा त्याचाच आधार घ्यावा लागला. इकडे अनेक देशांत कोंबड्या व डुकरे लवकर वाढावीत म्हणून तेच औषध खाद्यात मिसळले जात होते.

2015 सालच्या नोव्हेंबर महिन्यात चीनमधील शास्त्रज्ञांनी एक महत्त्वाचा शोध प्रसिद्ध केला. कोलिस्टिनला दाद न देण्याचा गुण जंतूंमध्ये एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, असे त्यांस प्रथमच आढळले. 2011 ते 2014 ह्या काळात त्यांनी बाजारात विकल्या जाणाऱ्या कोंबडी व डुकराच्या कच्च्या मांसाचे 523 नमुने तपासले होते. त्यांपैकी 78 नमुन्यांत हा गुण असलेले जंतू सापडले. कत्तलीस आणलेल्या डुकरांच्या 804 नमुन्यांपैकी 166 नमुन्यांत आणि रुग्णालयांतील रोग्यांच्या 1322 नमुन्यांपैकी 16 नमुन्यांत ते आढळले. म्हणजे जनावर, मांस आणि मनुष्य ह्या तिन्ही ठिकाणी एकच गुण दिसून आला.

चीनने 2017 साली वाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन मिसळणे बंद केले. त्यानंतर केलेल्या पाहणीत कोलिस्टिनला न जुमानणाऱ्या जंतूंचे प्रमाण डुकरांमध्ये शेकडा 34 वरून सुमारे 5 पर्यंत, तर कोंबड्यांमध्ये शेकडा 18 वरून 5 पर्यंत उतरल्याचे दिसून आले. औषधाचा अनाठायी वापर थांबविला, तर हे संकट ओसरू शकते, हा ह्यातील बोध आहे.

भारत सरकारने जुलै 2019 मध्ये अन्नासाठी पाळलेली जनावरे, कोंबड्या, मत्स्यपालन व पशुखाद्य ह्यांकरिता कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण ह्यांवर बंदी घातली आहे. तेव्हा कोणी ते ‘वाढीचे औषध’ म्हणून देऊ केले, तरी पालकाने ते घेऊ नये.

बाजारातून घरात

कोंबडी कापताना आतड्यातील घाण मांसास लागते. एकच ठोकळा, एकच सुरी आणि एकाच बादलीतील पाणी दिवसभर वापरले, म्हणजे एका पक्ष्याचे जंतू अनेक पक्ष्यांच्या मांसास लागतात. पुढे ते ग्राहकाच्या पिशवीतून स्वयंपाकघरात येतात. मांस चांगले शिजविल्यास जंतू मरतात, मग ते औषधास न जुमानणारे असले तरीही. परंतु ज्या विळीवर मांस चिरले तिच्यावरच न धुता कोशिंबिरीचा कांदा चिरला, तर त्या कांद्याबरोबर जंतू पोटात जातात. म्हणून कच्चे मांस निराळे ठेवावे. विळी, पाट व हात साबणाने धुवावेत आणि मांस आतपर्यंत शिजवावे.

असे जंतू पोटात गेल्याबरोबर मनुष्य आजारी पडतोच असे नाही. ते आतड्यात निमूटपणे राहू शकतात. पुढे केव्हातरी शस्त्रक्रिया झाली, लघवीच्या मार्गात जंतुदोष झाला किंवा नवजात अर्भकास रक्तदोष झाला, म्हणजे त्यांचे खरे स्वरूप कळते. त्या वेळी डॉक्टर औषध देतात आणि औषध चालत नाही. कोंबड्यांत रोज वावरणारा पालक व त्याची मुलेबाळे ह्यांचा अशा जंतूंशी सर्वांत आधी संबंध येतो, हे विसरू नये.

दोन निरनिराळे दोष

मांसात औषधाचा अंश उरणे हा एक दोष आणि मांसावर चिवट जंतू असणे हा दुसरा. शिजविल्याने जंतू मरतात, पण औषधाचा अंश नाहीसा होईलच अशी खात्री नसते. त्याकरिता औषधाची शेवटची मात्रा आणि विक्री ह्यांच्यामध्ये वेष्टनावर सांगितलेले दिवस जाऊ द्यावे लागतात. दुधाचेही तसेच आहे. दगडी झालेल्या गाईच्या सडात औषध सोडल्यावर तिचे दूध ठरलेल्या मुदतीपर्यंत विकू नये. अशा दुधास कधी कधी विरजण नीट लागत नाही. कारण दही लावणारे उपकारक जंतूही त्या औषधाने मरतात. मात्र मुदत पाळली तरी चिवट जंतू उरू शकतात. त्यांवर उपाय एकच, तो म्हणजे औषधाची गरजच कमी करणे.

पालकांनी काय करावे?

1. राणीखेत, गंबोरो इत्यादी रोगांच्या लसी ठरल्या वेळी टोचाव्यात किंवा पाजाव्यात. हे रोग विषाणूंमुळे होतात. त्यांवर प्रतिजैविके चालत नाहीत.

2. घरातील गादी कोरडी ठेवावी व वरचेवर खालीवर करावी. हवा खेळती असावी. पक्ष्यांची दाटी करू नये.

3. पाण्याची भांडी रोज घासावीत व पाणी निर्जंतुक करून द्यावे.

4. एका घरात एकाच वयाचे पक्षी ठेवावेत. एक तुकडी विकल्यावर घर धुऊन, चुना मारून काही दिवस मोकळे ठेवावे आणि मगच नवी पिल्ले आणावीत.

5. मर दिसताच दुकानदाराच्या सल्ल्याने औषध आणू नये. नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. ताजे मेलेले पक्षी तपासून घेतल्यास रोगाचे निदान होते.

6. पशुवैद्याने दिलेले औषध सांगितलेल्या मात्रेत व सांगितलेले सर्व दिवस द्यावे. औषधाचे नाव, मात्रा, सुरुवातीची व शेवटची तारीख वहीत लिहावी.

7. खाद्याच्या पोत्यावरील मजकूर वाचावा. करार पद्धतीने पक्षी पाळणाऱ्यांनी खाद्यात कोणते औषध आहे हे कंपनीकडून लेखी मागून घ्यावे.

8. कोंबडीखत ताजे असताना भाजीपाल्यास घालू नये. ढीग चांगला तापवून, अधूनमधून उलथून, पूर्ण कुजल्यावरच वापरावे.

औषध बंद केल्यास तोटा होईल काय?

ही शंका रास्त आहे, कारण एका तुकडीत मर झाली तरी लहान पालकाचे कंबरडे मोडते. डेन्मार्कमधील अनुभव ह्या बाबतीत पाहण्यासारखा आहे. तेथील कुक्कुटपालकांनी 1998 साली वाढीसाठी प्रतिजैविके देण्याचे सोडले. त्यामुळे मांसल कोंबड्यांची मर वाढली नाही. फक्त वजनाच्या मानाने खाद्य किंचित जास्त लागू लागले. युरोपीय संघाने 2006 पासून सर्व सदस्य देशांत असा वापर बंद केला. मात्र तेथील पालकांनी स्वच्छता व लसीकरण ह्यांत कसूर केली नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. अस्वच्छ घरात केवळ औषध बंद करून भागणार नाही. घर आधी सुधारावे आणि मग पशुवैद्याच्या सल्ल्याने औषधाची सवय सोडावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

कार्यकर्त्यांनी गावातील कुक्कुटपालकांची यादी करावी, लसीकरणाच्या तारखा त्यांना आगाऊ कळवाव्यात व औषधाची वही कशी ठेवावी हे प्रत्यक्ष दाखवावे. मांस विक्रेत्यांनाही ठोकळा, सुरी व पाणी स्वच्छ ठेवण्याचे महत्त्व समजावून सांगावे. पालकास दोष देण्याने काम होत नाही. मर झाली असता त्याच्या घरी वेळेवर पशुवैद्य पोहोचेल, अशी व्यवस्था करण्याने होते. ज्या पालकास वेळेवर सल्ला मिळतो, तो दुकानातील बाटलीकडे सहसा वळत नाही.

विहिरीचे पाणी ज्याप्रमाणे साऱ्या गावाचे असते, त्याप्रमाणे औषधांचा गुणही साऱ्या समाजाचा ठेवा आहे. एकाने तो नासविला, तर सर्वांसच त्याची झळ लागते. आज कोंबडीच्या खाद्यात वाया घालविलेले औषध उद्या आपल्याच घरातील आजारी मुलास लागणार आहे, हे जाणून प्रत्येक पालकाने त्याचा वापर जपून करावा.