मेंदूतील दाह आणि स्मृतिभ्रंश

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील एखाद्या घरात वृद्ध मनुष्य तेच तेच प्रश्न पुन्हा विचारू लागला, किंवा नेहमीच्या शेतावरून परतताना वाट चुकला, की "साठी बुद्धी नाठी" असे म्हणून विषय मिटविला जातो. वैद्यकशास्त्राला ही म्हण मान्य नाही. वयपरत्वे स्मरणशक्ती काहीशी मंदावते हे खरे. परंतु नित्याचे व्यवहारही करता येऊ नयेत इतका विसर पडणे हा मेंदूचा विकार होय. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार भारतातील ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असावा. हे प्रमाण स्त्रियांत, ग्रामीण भागात आणि शिक्षण कमी असलेल्यांत अधिक आढळले. अल्झायमरचा विकार हे स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण आहे.

जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये या विकाराचे पहिले वर्णन केले. मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूत त्यांना पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत पडलेल्या तंतूंच्या गाठी दिसल्या. थर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे व गाठी टाऊ या प्रथिनाच्या असतात, हे पुढे सिद्ध झाले. मज्जापेशींना आधार देणाऱ्या ग्लिया पेशींतही बदल झाल्याचे अल्झायमर यांनी नोंदविले होते. या तिसऱ्या निरीक्षणाचे महत्त्व मात्र बऱ्याच उशिरा ओळखले गेले.

पायात काटा रुतला की ती जागा लाल होते, तापते व सुजते. यालाच दाह म्हणतात आणि तो शरीराच्या संरक्षणाचाच भाग होय. मेंदूत हे काम मायक्रोग्लिया या पेशींकडे असते. मृत पेशी व अपद्रव्ये गिळून टाकणाऱ्या या पेशी म्हणजे मेंदूचे पहारेकरीच. अमायलॉइड साचू लागले की त्या त्याभोवती जमतात आणि इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-६, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर अल्फा यांसारखे रेणू स्रवतात. हे रेणू म्हणजे इतर पेशींना दिलेली हाक होय. हाक थोडा वेळ टिकली तर उपकारक ठरते. येथे मात्र अमायलॉइड निघून जात नाही, त्यामुळे हाकही वर्षानुवर्षे थांबत नाही आणि अखेरीस निरोगी मज्जापेशींना इजा पोहोचते.

इंटरल्यूकिन-१ बीटा सक्रिय करणारी एनएलआरपी३ ही यंत्रणा ज्या उंदरांत नव्हती, त्यांची स्मृती विकाराची जनुके असूनही बरीच शाबूत राहिल्याचे २०१३ मध्ये आढळले. उंदरांवरीलच २०१६ च्या एका प्रयोगाने आणखी मार्मिक गोष्ट दाखविली. बालपणी मेंदूची वाढ होत असताना पूरक प्रथिने नको असलेल्या जोडण्यांवर खूण करतात आणि मायक्रोग्लिया त्या खुडून टाकतात. अल्झायमरमध्ये ही खुडणी अवेळी पुन्हा सुरू होते. तण काढता काढता हाती आलेल्या पिकाचीच रोपे उपटली जावीत, तसे.

मग दाह शमविला की रोग बरा होईल काय? उत्तर इतके सरळ नाही. मायक्रोग्लियावरील टीआरईएम२ या ग्राहकाच्या जनुकातील एका दुर्मीळ दोषाने विकाराचा धोका कितीतरी वाढतो, असे २०१३ मध्ये दिसून आले. म्हणजे पहारेकरी दुबळा असणेही घातकच. संधिवातासाठी दीर्घकाळ दाहशामक औषधे घेणाऱ्यांत हा विकार कमी दिसतो, अशी निरीक्षणे १९९० च्या सुमारास पुढे आली होती. त्यावरून अमेरिकेत ७० वर्षांवरील व्यक्तींना नॅप्रॉक्सेन व सेलेकॉक्सिब देऊन पाहण्यात आले. हृदयविकाराच्या धोक्याच्या शंकेने २००४ मध्ये ही औषधे थांबवावी लागली आणि विकारापासून संरक्षणही सिद्ध झाले नाही. स्मृतीसाठी म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेणे त्यामुळे सर्वथा अयोग्य होय. जठर व मूत्रपिंड यांना त्यांनी अपाय होतो तो वेगळाच.

हळद पिकविणाऱ्या नांदेडच्या परिसरात हळदीविषयी कुतूहल असणे स्वाभाविक आहे. तिच्यातील कर्क्युमिन या द्रव्याने उंदरांच्या मेंदूतील दाह व अमायलॉइड कमी झाल्याचे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु रुग्णांना २४ आठवडे कर्क्युमिन देऊन केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लाभ दिसला नाही. हे द्रव्य आतड्यातून रक्तात फारच थोडे उतरते आणि हळदीत मुळात त्याचे प्रमाण वजनाच्या सुमारे ३ टक्केच असते. हळद स्वयंपाकात अवश्य असावी. तिला औषध समजून उपचार मात्र लांबवू नये.

शरीरातील दाह वाढविणाऱ्या काही गोष्टी आवाक्यात आहेत. मधुमेह, उच्च रक्तदाब, स्थूलता व धूम्रपान यांचा स्मृतिभ्रंशाशी संबंध आढळतो. बहिरेपण, अल्प शिक्षण, एकाकीपणा अशी कारणे धरून एकूण १४ बाबी आटोक्यात आणल्या, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबविता येईल, असा अंदाज लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये मांडला.

शिवाय विसरभोळेपणा नेहमीच अल्झायमरचा नसतो. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडची मंदता व खिन्नता यांमुळेही तशी लक्षणे दिसतात आणि ती उपचारांनी सुधारू शकतात. यासाठी प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. पुढील तपासणीसाठी नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहेत. सोबत जाणाऱ्या नातेवाइकाने विसर केव्हा सुरू झाला, तो हळूहळू वाढला की अचानक, आणि रुग्ण कोणकोणती औषधे घेतो, हे कागदावर लिहून न्यावे. त्या यादीत दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्याही असाव्यात.