जबलपूरच्या नौछात्रांसाठी प्राथमिक लष्करी ज्ञान

काही वर्षांपूर्वी जबलपूर येथे राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल विभागातील छात्रांपुढे सागरी व्यापार या विषयावर बोलण्याचा योग आला. व्याख्यान संपल्यावर एका छात्राने विचारले, "सर, मुंबईचा समुद्र येथून रेल्वेने सुमारे हजार किलोमीटरवर आहे. आमच्यापैकी अनेकांनी तो पाहिलेलाही नाही. मग दोराच्या गाठी आणि झेंड्यांचे संकेत आम्ही का शिकायचे?" प्रश्न प्रामाणिक होता आणि त्या वेळी मी दिलेले उत्तर अपुरे होते. कवायत कशी करावी हे प्रशिक्षक उत्तम शिकवतात. ती का करावी हे मात्र बहुधा सांगायचे राहून जाते. प्राथमिक लष्करी ज्ञानात या दुसऱ्या प्रश्नालाही तितकेच स्थान असले पाहिजे, हे प्रस्तुत लेखातून मांडावयाचे आहे.

समुद्राशी जबलपूरचे नाते

जबलपूरचा समुद्राशी संबंध नवा नाही. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. त्यानंतर चारच महिन्यांनी, मार्च १८७० मध्ये, मुंबईकडून येणारा लोहमार्ग आणि अलाहाबादकडून येणारा लोहमार्ग जबलपूर येथे जोडले गेले. युरोपातून मुंबई बंदरात उतरलेली टपाल आणि माणसे या शहरातून थेट कोलकात्याकडे जाऊ लागली. नर्मदेकाठचे हे शहर अशा रीतीने जागतिक सागरी मार्गाचा एक दुवा बनले.

आजचे नाते त्याहून घट्ट आहे. भारताचा परदेश व्यापार आकारमानाने सुमारे ९५ टक्के आणि मूल्याने सुमारे ७० टक्के समुद्रमार्गे होतो. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करावे लागते. पोटॅश खतासाठीही आपण आयातीवरच अवलंबून आहोत. नर्मदा खोऱ्यातील शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमधील डिझेल आणि त्याच्या गव्हाला घातलेले खत यांचा प्रवास बहुतांशी जहाजातून सुरू होतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा अनेक कंपन्यांनी आपली जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून नेली. प्रवासाचे दिवस वाढले, भाडे वाढले, विम्याचे हप्ते वाढले. असा वाढीव खर्च शेवटी ग्राहकाच्याच खिशातून जातो, मग तो किनाऱ्यावर राहणारा असो वा महाकोशलात.

मार्च २०२४ मध्ये भारतीय नौदलाने किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटर अंतरावर 'रुएन' या अपहृत व्यापारी जहाजावर कारवाई केली. ३५ सागरी चाच्यांनी शरणागती पत्करली आणि १७ खलाशांची सुखरूप सुटका झाली. व्यापारमार्ग निर्वेध ठेवणे हे नौदलाचे शांतताकालीन कार्य किती व्यापक आहे, हे या घटनेवरून ध्यानात येते.

सागराची मोजमापे

नौछात्राने प्रथम मोजमापे पक्की करावीत. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. तासाला एक सागरी मैल या वेगास 'नॉट' म्हणतात. जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून उभे राहिल्यास डावी बाजू 'पोर्ट' आणि उजवी 'स्टारबोर्ड' होय. रात्री पोर्ट बाजूला लाल आणि स्टारबोर्ड बाजूला हिरवा दिवा असतो. अंधारात समोर दिसणारे जहाज आपल्याकडे येत आहे की दूर जात आहे, हे या दिव्यांवरून उमगते.

सागरी हद्दीची विभागणी १९७६ च्या भारतीय कायद्यात आणि १९८२ च्या संयुक्त राष्ट्र सागरी कायदा करारात केलेली आहे. आधाररेषेपासून १२ सागरी मैलांपर्यंत (सुमारे २२ किलोमीटर) प्रादेशिक समुद्र असतो. तेथे देशाचे सार्वभौमत्व चालते. २४ मैलांपर्यंत संलग्न क्षेत्र आणि २०० मैलांपर्यंत (सुमारे ३७० किलोमीटर) अनन्य आर्थिक क्षेत्र असते. या शेवटच्या क्षेत्रातील मासे, तेल, वायू आणि खनिजे यांवर किनारी देशाचा अधिकार असतो. मात्र इतर देशांच्या जहाजांना तेथून ये-जा करण्याची मुभा असते. भारताचे असे क्षेत्र २० लाख चौरस किलोमीटरहून अधिक आहे. पूर्वी ७,५१६ किलोमीटर मानली जाणारी आपल्या किनाऱ्याची लांबी अधिक सूक्ष्म मोजणीनंतर सुमारे ११,०९८ किलोमीटर भरली आहे. खाड्यांची वळणे बारकाईने मोजल्याने ती वाढली. किनारा होता तेथेच आहे.

पदे आणि जबाबदाऱ्या

जबलपूर हे प्रामुख्याने भूदलाचे शहर. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या रेजिमेंटांची केंद्रे येथे आहेत. त्यामुळे येथील छात्रांचा पदांविषयी हमखास गोंधळ होतो. भूदलातील कॅप्टन हा तरुण अधिकारी असतो. नौदलातील कॅप्टन मात्र भूदलातील कर्नलच्या बरोबरीचा असतो. भूदलाच्या कॅप्टनशी तुल्य असे नौदलातील पद लेफ्टनंट हे होय. नौदलाच्या तीन कमांडची मुख्यालये मुंबई, विशाखापट्टणम आणि कोची येथे आहेत. १९७७ मध्ये स्थापन झालेले तटरक्षक दल हे नौदलाहून वेगळे असून शोध व बचाव, तस्करीस प्रतिबंध, मच्छीमारांना साहाय्य आणि सागरी प्रदूषणाचे नियंत्रण ही कामे ते पाहते.

पदांची उतरंड पाठ करणे सोपे असते. तिच्यामागील कारण जहाजावर कळते. जहाजावर आग लागली किंवा पाणी शिरले, तर माघार घेण्यास जागा नसते. स्वयंपाकी, संदेशवाहक, तोफची अशा प्रत्येकाला आग विझवता आली पाहिजे आणि जलरोधक दार वेळेत बंद करता आले पाहिजे. एकाची चूक सर्वांना भोवते. दोराची गाठ हा त्याच शिक्षणाचा पहिला धडा होय. योग्य गाठ ताण आल्यावर सुटत नाही आणि सोडावयाची वेळ आली की अडत नाही.

आघाडीमागील कारखाना

आघाडीवरील सैनिकामागे कारखान्यांची साखळी उभी असते, हे जबलपूरच्या छात्राला वेगळे सांगावे लागू नये. येथील तोफगाडा कारखाना १९०४ चा. खमरियाचा दारूगोळा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. वाहन कारखाना १९६९ चा. 'धनुष' ही १५५ मिलिमीटरची तोफ येथेच तयार होते. खमरियाच्या उत्पादनांत नौदलाच्या तोफांना लागणारा ३० मिलिमीटरचा दारूगोळाही आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित करून देशातील आयुध कारखाने सात सरकारी कंपन्यांमध्ये विभागण्यात आले. छात्रांपैकी अनेकांचे वडील वा आजोबा या कारखान्यांत राबलेले असतात. समुद्रावर डागल्या जाणाऱ्या गोळ्यातही या शहराचे श्रम असतात, ही जाणीव छात्राला व्हावयास हवी.

शिस्तीचा पाया : १९४६ चा धडा

शिस्त हा छात्रसेनेचा प्राण मानला जातो. या शिस्तीचा पाया कोणता, याचे उत्तर जबलपूरच्या इतिहासातच सापडते.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार' या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रातील नौसैनिकांनी काम थांबवले. निकृष्ट अन्न, गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद भाषा आणि वेतनातील भेदभाव यांविरुद्ध तो उद्रेक होता. आझाद हिंद सेनेच्या सैनिकांवरील खटल्यांमुळे देशातील वातावरणही तापलेले होते. पाहता पाहता सुमारे ७८ जहाजे, २० किनारी आस्थापना आणि २० हजार नौसैनिक त्यात सामील झाले. सरदार पटेल यांच्या मध्यस्थीनंतर २३ फेब्रुवारीस नौसैनिकांनी शस्त्रे खाली ठेवली. चारच दिवसांनी, २७ फेब्रुवारी रोजी, जबलपूर येथील संदेशवहन प्रशिक्षण केंद्रातील भारतीय सैनिक बराकी सोडून घोषणा देत शहरात आले. पुढे सहभागी सैनिकांची संख्या सुमारे १,७०० वर गेली. वेतन, अन्न आणि वागणूक याच त्यांच्याही तक्रारी होत्या. मुंबईतील नौसैनिकांवर झालेल्या गोळीबाराचा निषेधही त्यांनी केला. त्यांना ताब्यात घेताना संगिनींचा वापर झाला आणि नंतर अनेकांना बडतर्फी व तुरुंगवास सोसावा लागला.

ही हकिकत गणवेशातील मुलांना सांगावी काय, असा संकोच काही शिक्षक व्यक्त करतात. माझ्या मते ती अवश्य सांगावी. आज्ञाभंगाचा गौरव करणे हा त्यामागचा हेतू नाही. बोलणी खाऊन, वाईट अन्न मुकाट्याने गिळून आणि कोठेही दाद न मिळता माणसे भीतीपोटी जी शिस्त पाळतात ती ऐन वेळी तुटते, एवढे त्यातून शिकावयाचे. स्वतंत्र भारताने हा धडा घेतला. १९५७ च्या नौदल अधिनियमात तक्रार मांडण्याची रीत घालून दिली आहे. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झाले आणि त्याचे एक प्रादेशिक पीठ आज जबलपुरातच आहे. ज्या शहरात १९४६ मध्ये सैनिकाला दाद मागण्यासाठी रस्त्यावर यावे लागले, तेथे आता त्याच्यासाठी न्यायाचे दार उघडे आहे. उद्या अधिकारी होणाऱ्या छात्राने यातून आपल्यासाठी एक कर्तव्यही ओळखावे : हाताखालच्या माणसाचे जेवण, रजा आणि मान यांची काळजी घेणे.

पुढील वाटा

राष्ट्रीय छात्रसेनेची स्थापना १९४८ च्या कायद्याने झाली आणि १९५२ मध्ये तिचा नौदल विभाग सुरू झाला. २०२० मध्ये १७३ सीमावर्ती व किनारी जिल्ह्यांत तिच्या विस्ताराची घोषणा झाली. हे पाऊल योग्यच होय. तथापि अंतर्भागातील नौछात्रांना वर्षातून एकदा तरी बंदर, युद्धनौका आणि मासळी बाजार दाखवण्याची तरतूद झाल्यास त्यांच्या शिक्षणाला अर्थ येईल. वल्ही मारण्याचा आणि शीड हाकण्याचा सराव जलाशयांवर होऊ शकतो; भरती-ओहोटी मात्र जलाशय शिकवू शकत नाही.

छात्रसेनेच्या 'सी' प्रमाणपत्रामुळे सैन्यदलांच्या प्रवेशात काही सवलती मिळतात. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ पासून मुलींनाही प्रवेश मिळू लागला आहे. सर्वच छात्र नौदलात जाणार नाहीत. कोणी शिक्षक होईल, कोणी व्यापारी, कोणी खमरियाच्या कारखान्यात कामाला लागेल. देशाच्या सागरी धोरणावर मत बनवणारे नागरिक मात्र ते सर्वच होणार आहेत.

तो छात्र पुन्हा भेटला, तर त्याला मी सांगेन की गाठ शिकायची ती दोराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या सहकाऱ्यासाठी. तो आपल्याला दिसत नसला, तरी त्याचा भार आपण बांधलेल्या गाठीवरच असतो.