कोष्टकातील मजकूर वर का सरकतो?

बचत गटाच्या हिशेबाचे कोष्टक वर्डमध्ये तयार करून प्रत्येक चौकटीतील मजकूर उभ्या दिशेने मध्यभागी आणला, तरी काही नावे किंचित वरच राहतात. दोष संरेखनाचा नसतो. दुसऱ्या दस्तऐवजातून चिकटवलेल्या परिच्छेदासोबत त्याखालची मोकळी जागाही येते. वर्ड त्या जागेसह मजकूर मध्यभागी बसवतो. अनेकजण अशा वेळी एंटर दाबून अक्षरे खाली ढकलतात. ही सवय वाईटच, कारण तिने चौकटीची उंची वाढत जाते. त्याऐवजी कोष्टक निवडावे आणि ‘पॅराग्राफ’मध्ये ‘बिफोर’ व ‘आफ्टर’ या दोन्ही ठिकाणी ० लिहावे. रकमा मात्र उजव्या कडेला लावाव्यात. तेव्हाच एककाखाली एकक येते आणि ५०० व ५,००० यांतील फरक चटकन ध्यानात येतो.