गावचे अंदाजपत्रक आणि शेतकरी

पांझरेकाठच्या फड पद्धतीत पाण्याची वाटणी शेतकरी एकत्र बसून ठरवीत आले. गावच्या पैशाचेही तसेच व्हावयास हवे. 15व्या वित्त आयोगाच्या 2021-22 ते 2025-26 या काळातील निधीपैकी 60 टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी राखीव होती. त्यात पावसाचे पाणी साठविण्याची कामेही बसत होती. साक्री व शिरपूर तालुक्यांतील पेसा ग्रामपंचायतींना 2015 पासून आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के निधी थेट मिळू लागला. असा पैसा कोठे लावावा, हे ग्रामसभेत ठरवावयाचे असते. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

1. ग्रामपंचायतीत नमुना 1, म्हणजे अंदाजपत्रक, पाहावे.
2. शिवारफेरी करून गाळाने भरलेले बंधारे, खचलेले रस्ते गट क्रमांकासह टिपावेत.
3. महिलांची सभा आधी होते. तेथे पाण्याची अडचण मांडावी.
4. मागणी लेखी द्यावी व ठराव नोंदला गेल्याची खात्री करावी.

गणपूर्तीसाठी 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी कमी असेल ती संख्या लागते. ती न भरल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेस गणपूर्ती लागत नाही. मग हजर असलेल्या चौघांचा निर्णय साऱ्या गावाचा ठरतो. म्हणून ग्रामसभेस अवश्य हजर राहावे.