हळदीचे पेटंट आणि ग्रंथाधार
व्रणरोपणार्थ हरिद्रेचा उपयोग सातारा-सांगलीच्या घराघरांत परिचित आहे. तरीही १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठास त्याच उपयोगाचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. १९९७ मध्ये ते रद्द झाले. शासकीय निधी येथे नव्या शोधासाठी नव्हे, तर जुने ज्ञान जुनेच आहे हे सिद्ध करण्यासाठी खर्ची पडला! तत्कालीन अमेरिकी कायद्यात परदेशातील केवळ वापर ग्राह्य नव्हता, मुद्रित आधार लागे. म्हणून संस्कृत ग्रंथांसह १९५३ चा एक वैद्यकीय लेखही सादर झाला. पुढे २००१ पासून परिषदेने पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह उभारला. त्यात ग्रंथोक्त योग आले. कृष्णाकाठच्या वैद्यांचे अलिखित अनुभूत योग मात्र त्याबाहेरच राहतात.