विकत घेतलेले गाणे कोणाचे?

कॅसेटच्या काळात गाणे विकत घेण्याचा व्यवहार सरळ होता. दुकानदाराला पैसे दिले, कॅसेट घरी आणली, की ती ग्राहकाची झाली. ती कोणत्याही कंपनीच्या टेपरेकॉर्डरवर वाजत असे. शेजाऱ्याला ती ऐकायला देता येई आणि नको झाली तर जुन्या बाजारात विकताही येई.

पुढे गाणी संगणकाच्या फाईलमध्ये आली आणि हा व्यवहार बदलला. फाईलची नक्कल क्षणात होते आणि ती मूळ प्रतीइतकीच चांगली असते. १९९९ साली अमेरिकेत 'नॅपस्टर' सुरू झाले व लोक एकमेकांना गाणी फुकट देऊ लागले. ध्वनिमुद्रण कंपन्या धास्तावल्या. इंटरनेटवर गाणी विकायची तर त्यांना कुलूप हवे, असा आग्रह त्यांनी धरला. या कुलपालाच 'डिजिटल हक्क व्यवस्थापन' किंवा 'डीआरएम' म्हणतात. यात गाणे सांकेतिक स्वरूपात बंद केलेले असते आणि ते उघडण्याची किल्ली विक्रेत्याने मान्य केलेल्या यंत्रालाच मिळते.

ॲपल कंपनीने २८ एप्रिल २००३ रोजी अमेरिकेत 'आयट्यून्स'चे संगीत-दुकान उघडले. एका गाण्याला ९९ सेंट पडत. खिशात बाळगायच्या यंत्रांपैकी ही गाणी मुख्यतः ॲपलच्याच 'आयपॉड'वर वाजत. उद्या दुसऱ्या कंपनीचे स्वस्त यंत्र घ्यावे म्हटले, तर आधीची गाणी त्यावर मुकी होत. सीडीवर उतरवून ती पुन्हा संगणकात घेण्याची पळवाट होती. पण विकत घेतलेल्या वस्तूसाठी पळवाट शोधावी लागणे हेच मुळात विचित्र होते. २००४ मध्ये 'रिअलनेटवर्क्स' या कंपनीने आयपॉडवर वाजतील अशी गाणी विकायला काढली. त्याच वर्षाच्या अखेरीस ॲपलने आयपॉडचे सॉफ्टवेअर बदलले आणि नव्या सॉफ्टवेअरच्या यंत्रांवर ती गाणी वाजेनाशी झाली. दोन कंपन्यांच्या भांडणात पैसे मोजलेला ग्राहक मात्र दोन घरचा पाहुणा ठरला.

मायक्रोसॉफ्टच्या ग्राहकांचा अनुभव तर याहून कडवट आहे. या कंपनीच्या 'एमएसएन म्युझिक' दुकानातून लोकांनी कुलूपबंद गाणी घेतली. नोव्हेंबर २००६ मध्ये त्याच कंपनीने 'झून' हे यंत्र बाजारात आणले. त्यावर तिच्याच दुकानातली ही गाणी वाजत नव्हती! एप्रिल २००८ मध्ये तिने कळवले, की ३१ ऑगस्टनंतर नव्या संगणकासाठी किल्ली मिळणार नाही. म्हणजे संगणक बिघडून दुसरा घेतला, तर गाणी गेली. ग्राहकांच्या संतापामुळे ही मुदत २०११ अखेरपर्यंत वाढवावी लागली. ज्यांनी फुकटची, चोरीची गाणी घेतली होती, त्यांना यातले काहीच भोगावे लागले नाही. कुलूप अडवत होते ते प्रामाणिकपणे पैसे देणाऱ्याला.

फेब्रुवारी २००७ मध्ये ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून ध्वनिमुद्रण कंपन्यांनी कुलपाचा आग्रह सोडावा, असे म्हटले. आयपॉडवरील गाण्यांपैकी सरासरी ३ टक्क्यांहून कमी गाणी आयट्यून्समधून घेतलेली होती, हे त्यांनीच त्यात मांडले. त्याच वर्षी 'ईएमआय'ने माघार घेतली. जानेवारी २००९ मध्ये आयट्यून्सची सर्वच गाणी कुलपाविना विकण्याची घोषणा झाली. मात्र आधी घेतलेल्या गाण्याचे कुलूप काढून घ्यायचे, तर गाण्यामागे आणखी ३० सेंट द्यावे लागत. आपल्याच घराच्या किल्लीसाठी पुन्हा पैसे मोजण्यासारखेच ते होते.

भारतात आयट्यून्सचे दुकान डिसेंबर २०१२ मध्ये आले, तेव्हा त्यातील गाण्यांचा हा वाद मिटलेला होता. आता मासिक वर्गणी भरून गाणी ऐकण्याची पद्धत रूढ झाली आहे. येथे कुलूप पुन्हा आले आहे. फरक इतकाच, की आपण गाणे भाड्याने ऐकत आहोत हे श्रोत्याला निदान आधी ठाऊक असते. 'स्पॉटिफाय'वर वर्गणीदाराने फोनमध्ये उतरवून ठेवलेली गाणी त्याच ॲपमध्ये वाजतात आणि ती टिकवायची असतील, तर ३० दिवसांतून एकदा तरी फोन इंटरनेटला जोडावा लागतो.